रे उतरला, सा लागला

१ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगला देशच्या निर्वासितांसाठी जो मोठा जलसा झाला, त्यातला एक किस्सा संगीताच्या गप्पांत हटकून निघतो. रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ मंचावर बसून वाद्ये मिळवू लागले. थोड्या वेळाने जुळवाजुळव थांबली, तशी श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकर हसून म्हणाले, जुळवणेच तुम्हांला इतके आवडले असेल तर वाजवणे त्याहून आवडेल अशी आशा आहे. आपण हा किस्सा सांगतो तो गोऱ्या श्रोत्यांच्या भाबडेपणावर हसण्यासाठी. मला मात्र वाटते, की ती मंडळी अगदीच काही चुकली नव्हती. वाद्य कोणत्या स्वरांत लावले आहे यावरून ते पुढे काय बोलू शकेल आणि काय बोलू शकणार नाही, हे अर्धेअधिक ठरून गेलेले असते. तंबोऱ्याची पहिली तार पंचमाची ठेवायची की मध्यमाची, एवढ्या एका प्रश्नावर मालकंस तरतो किंवा बुडतो, हे आपल्याकडच्या शाळकरी शिष्यालाही ठाऊक असते. हाच प्रश्न एका अगदी परक्या वाद्याला, गिटारला, कोणी आणि का विचारला, त्याची ही हकीकत आहे.

गिटारला सहा तारा असतात हे सर्वांना ठाऊक आहे. त्या कशा लावलेल्या असतात हे पाश्चात्त्य अक्षरांत सांगितले, तर जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई असा क्रम येतो. ही अक्षरे ऐकून आपल्या मनात काहीच उमटत नाही. म्हणून एक युक्ती करू. यांतला 'डी' हा आपला षड्ज मानू. मग त्याच सहा तारा रे, प, सा, म, ध, रे अशा वाचता येतात. हे वाचताच कोणत्याही गाणाऱ्या माणसाच्या कपाळावर आठी पडेल. ही काय जुळवणी झाली? वाद्याच्या दोन्ही टोकांना ऋषभ, मध्ये एकुलता एक षड्ज, आणि धैवत कशासाठी तो कळत नाही!

पण ही जुळवणी वेड्याने केलेली नाही. युरोपचे संगीत गेली तीन-चारशे वर्षे स्वरमेळावर, म्हणजे तीन-चार स्वर एकदम वाजवून त्यांच्या पुंजांची साखळी गुंफण्यावर उभे आहे. त्या पुंजाला ते 'कॉर्ड' म्हणतात. एका गाण्यात एका षड्जावरून उठून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर जाऊन पुन्हा घरी परतायचे, हा त्या संगीताचा मोठा आनंद आहे. असे भटकणाऱ्याला कोणत्याही एका गावात घर बांधून चालत नाही. त्याला धर्मशाळा हवी. गिटारची नेहमीची जुळवणी ही तशी धर्मशाळा आहे. सगळ्यांची सारखी सोय, आणि घर कोणाचेच नाही. डाव्या हाताची चार बोटे फार न ताणता जास्तीत जास्त पुंज सापडावेत, एवढ्यासाठी ती पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली.

ज्यांना धर्मशाळा नको होती, घर हवे होते, त्यांनी खुंट्या पिळल्या.

या पिळण्याचा सर्वांत गोड इतिहास प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर घडला. १७९३ मध्ये व्हँकूव्हर नावाच्या इंग्रज कप्तानाने तिथल्या कामेहामेहा राजाला गुरे भेट दिली. राजाने ती मारण्याला बंदी घातली. त्या गुरांची संख्या वाढत वाढत इतकी झाली, की पुढे शेते तुडवली जाऊ लागली आणि माणसांवर जीव मुठीत घेऊन फिरायची पाळी आली. तेव्हा १८३० नंतरच्या काळात तिसऱ्या कामेहामेहाने मेक्सिकोच्या मुलखातून तरबेज गुराखी बोलावले. त्या गुराख्यांबरोबर घोड्यांची खोगिरे आली, दोर आले आणि गिटारही आली. 'एस्पान्योल' या शब्दावरून हवाई भाषेत गुराख्याला आजही 'पानिओलो' म्हणतात. शिकवणारे गुराखी पुढे परत गेले. वाद्ये राहिली, पण ती कशी लावायची याचे शास्त्र अर्धेच मागे राहिले. बेटावरच्या लोकांनी आपल्या गळ्याला सोयीचे पडेल असे खुंट्यांशी खेळून पाहिले, आणि त्यातून 'की होआलू', म्हणजे 'खुंटी सैल कर', या नावाची सबंध वादनशैलीच जन्माला आली. त्यांची सर्वांत लाडकी जुळवणी सरगमात सांगायची तर प, सा, प, सा, ग, प. बोट न लावता सहाही तारांवर हात फिरवला की घर भरल्यासारखा आवाज येतो. घराण्याघराण्यांच्या जुळवण्या गुप्त असत. गिटार खाली ठेवताना खुंट्या फिरवून ठेवायच्या, म्हणजे पाहुण्याला घरची जुळवणी कळू नये, अशीही रीत होती म्हणतात. आपल्याकडच्या ज्या उस्तादांनी बंदिशी ट्रंकेत कुलूपबंद ठेवल्या, त्यांना ही मंडळी सख्खी भावंडे वाटली असती.

त्याच बेटावर १८८९ च्या सुमारास जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी पोराने सैल तारांवर लोखंडाचा तुकडा घासून पाहिला. तारा पडद्यावर न दाबता त्यांवरून लोखंड सरकवले तर स्वर एकमेकांत वाहत जातो, हे त्याला कळले आणि तो त्याच्या मागेच लागला. १९०४ मध्ये त्याने बेट सोडले, अमेरिका-युरोपात हिंडला आणि १९३२ मध्ये न्यू जर्सीत वारला. या शोधाचे श्रेय आणखीही दोघातिघांना दिले जाते. त्यांत गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या एका तरुणाचे नाव येते, आणि तो हिंदुस्थानात जन्मलेला होता असे सांगतात. म्हणून आपण लगेच छाती फुगवायला नको. पण विचित्र वीणेवर काचेचा गोळा आणि गोट्टुवाद्यावर लाकडाचा तुकडा सरकवणाऱ्या देशात ही बातमी थोडी कान टवकारून ऐकली जाणारच. तंजावरच्या मुलखात सखारामरावांनी गोट्टुवाद्य नावारूपाला आणले, तोही काळ फार दूरचा नव्हे.

दुसरी वाट अमेरिकेतून जाते. १८५४-५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धात सेबास्टोपोलचा वेढा गाजला. त्यावर हेन्री वॉरल नावाच्या गिटारशिक्षकाने एक वर्णनपर तुकडा रचला. तो घरोघरच्या मुली शिकू लागल्या, आणि त्यासाठी गिटार लावायची ती सा, प, सा, ग, प, सा अशी. दिवाणखान्यातून ही जुळवणी दक्षिणेकडच्या काळ्या मजुरांच्या ओट्यावर पोहोचली. त्यांनी तिच्यावर आपले दुःख वाजवले. युद्ध विसरले गेले, किल्ला विसरला गेला, रचनाकाराचे नावही विसरले गेले. पण ओट्यावरचे म्हातारे त्या जुळवणीला 'व्हेस्टापोल' म्हणत राहिले. रशियातल्या एका किल्ल्याचे नाव मिसिसिपीच्या काठी एका खुंटीला चिकटून राहावे, ही गंमत कादंबरीत लिहिली तर कोणी खरी मानणार नाही.

आता या सगळ्या सैल जुळवण्यांत एक गोष्ट समान आहे. हवाईची घ्या की सेबास्टोपोलची, दोन्हींत गंधार आहे, आणि तो शुद्ध आहे. पाश्चात्त्य मनाचा पहिला प्रश्नच हा असतो, की गंधार शुद्ध की कोमल? शुद्ध असेल तर त्यांना त्यात ऊन दिसते, कोमल असेल तर सावली. मोकळ्या तारेतच शुद्ध गंधार बसवला, की वाद्याने तोंड उघडण्यापूर्वीच हसण्याचे वचन दिलेले असते. घर बांधले खरे, पण भिंतींना रंगही देऊन टाकला.

तो रंग खरवडून काढणारा माणूस इंग्लंडात निघाला. डेव्ही ग्रॅहम १९४० साली लेस्टरशायरमधल्या हिंकली गावी जन्मला. वडील स्कॉटलंडजवळच्या स्काय बेटावरचे, गेलिक भाषा शिकवणारे. आई ब्रिटिश गयानाची. लहानपणी पेन्सिल लागून एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. अशा घरात वाढलेल्या मुलाला 'आपले संगीत' आणि 'परक्यांचे संगीत' यांच्या मधली भिंत फारशी उंच वाटली नसावी. १९६२ मध्ये त्याची 'अँजी' ही छोटी गत एका लहान तबकडीवर निघाली, आणि इंग्लंडातल्या गिटार वाजवणाऱ्या प्रत्येक पोराला ती वाजवून दाखवल्याशिवाय मित्रांत मान मिळेनासा झाला.

पण आपल्या कथेला महत्त्वाचे आहे ते त्याचे मोरोक्कोला जाणे. त्याच सुमारास तो टँजियर शहरात राहिला. तिथे त्याने 'ऊद' ऐकला. ऊद म्हणजे अरबांचे तंतुवाद्य, पाठीवर अर्ध्या भोपळ्यासारखा फुगवटा, मान आखूड, आणि पडदे मुळीच नाहीत. युरोपातले 'ल्यूट' हे वाद्य आणि त्याचे नाव, दोन्ही याच 'अल्‌ऊद'पासून आली. अरबी संगीतात स्वरपुंजांची साखळी नसते, 'मकाम' असतो. मकाम म्हणजे विशिष्ट स्वरांचा समूह, त्यांची चाल, त्यांचे विसाव्याचे ठिकाण. राग या शब्दाची ज्याला सवय आहे त्याला हे आणखी समजावून सांगायला नको. ग्रॅहमला त्या वादकांबरोबर बसून वाजवायचे होते, आणि त्याच्या हातात होती धर्मशाळा.

त्याने तीन खुंट्या सैल केल्या. पहिली, दुसरी आणि सहावी. रे, प, सा, म, ध, रे या ओळीतले दोन्ही ऋषभ एकेका पूर्ण स्वराने उतरून षड्जावर आले. धैवत उतरून पंचमावर आला. बाकी तीन तारांना त्याने हात लावला नाही. उरले काय? सा, प, सा, म, प, सा.

वाचकहो, ही ओळ पुन्हा एकदा मनातल्या मनात गाऊन पाहा. तीन षड्ज, दोन पंचम, एक मध्यम. पंचमाचा तंबोरा आणि मध्यमाचा तंबोरा जणू एकाच मांडीवर घेतला आहे. आणि गंधार नाही! सेबास्टोपोलच्या जुळवणीशी ताडून पाहिले तर फरक फक्त एका तारेचा, एका पडद्याचा आहे. तिथे गंधार होता, इथे मध्यम आहे. पण त्या एका पडद्याने ऊन-सावलीचा प्रश्नच पुसून टाकला. गंधार कोणता हे आता वाद्य ठरवणार नाही, वाजवणारा ठरवील. इंग्रजीत या जुळवणीची अक्षरे सलग लिहून तिचा उच्चार 'डॅडगॅड' असा करतात. नाव काही देखणे नाही. पण ज्याने कोणी तंबोऱ्याच्या सुरात डोळे मिटले आहेत, त्याला ही मोकळी सहा तारांची झणकार ओळखीची वाटल्याशिवाय राहत नाही.

माझ्या पुतण्याने गेल्या वर्षी गिटार घेतली. त्याला ही जुळवणी लावायला सांगितली तेव्हा त्याने खिशातले यंत्र काढले. मी म्हटले, यंत्र राहू दे, कान वापर. पाचवी तार पंचमाची आहेच. दुसरी तार तिच्याशी सप्तकाच्या अंतरावर एकजीव होईपर्यंत उतरव. चौथी तार षड्जाची आहे. पहिली तिच्या वरच्या षड्जावर आण, सहावी खालच्या. दोन स्वरांमधली लाट मंदावत मंदावत थांबली, की झाले. त्याने तसे केले, हात फिरवला आणि म्हणाला, "काका, ह्याला 'ग'च नाही!" मला हेच हवे होते.

आता यावर एखादा थाट कसा शिकायचा ते सांगतो, कारण नुसती हकीकत ऐकून दिवाळीच्या सुट्टीत गिटार खाली उतरवणाऱ्या मुलामुलींचे समाधान होणार नाही. मधल्या सप्तकापुरतेच बोलू. चौथी तार मोकळी सोडली की षड्ज. तिच्याच दुसऱ्या पडद्यावर शुद्ध ऋषभ, चौथ्यावर शुद्ध गंधार. मग तिसरी तार मोकळी, तो मध्यम. दुसरी तार मोकळी, तो पंचम. तिच्या दुसऱ्या पडद्यावर शुद्ध धैवत, तिसऱ्यावर कोमल निषाद. आणि पहिली तार मोकळी की तार षड्ज. आठ स्वरांतले चार स्वर मोकळ्या तारांवर, चारच बोटांनी दाबायचे! जे निघाले तो आपला खमाज थाट. पाश्चात्त्य लोक याला 'मिक्सोलिडियन' म्हणतात. आता गंधाराचे बोट एक पडदा मागे घ्या, चौथ्यावरून तिसऱ्यावर. बाकी सगळे जसेच्या तसे. हा काफी, त्यांचा 'डोरियन'. एका बोटाच्या एका पडद्याएवढ्या हालचालीने सगळ्या घरातला दिवा बदलतो. मुलांना थाटाचा अर्थ समजावण्याला याहून सोपे साधन मला सापडलेले नाही.

गंमत पुढे आहे. मध्यम आणि पंचम हे शेजारी स्वर इथे दोन वेगळ्या तारांवर, दोन्ही मोकळे. म्हणजे मध्यम वाजवून पंचमावर आलो तरी मध्यम मागे वाजतच राहतो. त्यामुळे शिकणाऱ्याने सरळ आरोह-अवरोह घोटून झाल्यावर शक्य तितके स्वर वेगवेगळ्या तारांवर शोधावेत आणि एकाचे पाऊल उचलण्यापूर्वी दुसऱ्याचे पडू द्यावे. आवाज स्वरमंडलासारखा पसरतो. डावा हात हे करीत असताना उजव्या अंगठ्याने सहाव्या आणि पाचव्या तारेवर सा-प, सा-प असा आधार चालू ठेवायचा. इथे पहिल्या आठवड्यात सगळ्यांचीच फजिती होते. अंगठा आणि बोटे यांचे भांडण मिटायला वेळ लागतो, आणि तो वेळ गतीच्या मागे न लागता द्यावा. आणखी एक सूचना. तार पूर्ण स्वराने उतरवली की तिच्यातला ताण सुमारे एक पंचमांशाने कमी होतो. ती मऊ पडते, जोराने छेडली तर पडद्यावर फडफडते. जुन्या जुळवणीतला जोर इथे चालत नाही. ज्याची बोटे जुन्या पुंजांना सरावलेली आहेत त्याला तर सगळे नकाशेच फेकून द्यावे लागतात. ज्याने कधी गिटार धरली नाही आणि थोडे गाणे शिकले आहे, तो इथे त्याच्यापुढे निघून जातो.

ग्रॅहमने या जुळवणीवर पहिल्यांदा जगाला ऐकवली ती कोणती चाल? अरबी नव्हे, आयरिश. डोनेगल परगण्यात हर्बर्ट ह्यूज आणि कवी पाड्रिक कोलम यांना सापडलेली 'शी मूव्ह्ड थ्रू द फेअर' ही जुनी चाल १९०९ मध्ये छापून निघाली होती. ग्रॅहमने १९६३ मध्ये ती तबकडीवर आणली. ती चाल मिक्सोलिडियन आहे, म्हणजे खमाजच्या स्वरांची. आयर्लंडच्या पिशवीवाल्या पाव्यात एक सूर अखंड धरलेला असतो, आपल्या सनईमागे धरतात तसा, आणि तो बहुधा 'डी', म्हणजे आपण मानलेला षड्जच. एवढा सगळा मुलूख तोडून ग्रॅहम टँजियरला गेला आणि तिथून जी किल्ली घेऊन आला, ती शेजारच्या आयर्लंडच्या कुलपाला लागली! त्याने या चालीभोवती जो विस्तार केला त्यात आलापाची चाल आहे, झाल्याची धाव आहे, ऊदाची ठेच आहे. पुढे त्याच वादनाच्या एका नावात त्याने 'राग' हा शब्दही घातला.

इथे एक गोष्ट मात्र परखडपणे सांगितली पाहिजे. थाट म्हणजे राग नव्हे. खमाजचे सात स्वर हाताला लागले म्हणजे खमाज राग आला असे नाही; तो सांगाडा झाला, त्यात अजून श्वास भरायचा असतो. हा सांगाडा आणि युरोपचा सांगाडा मात्र खरोखरच जुळतात. १५४७ मध्ये ग्लेरियन नावाच्या स्विस पंडिताने बाझेलला 'डोडेकाकॉर्डोन' हा ग्रंथ छापून तिकडच्या बारा जुन्या स्वरावलींची यादी केली. आपल्याकडे वाळकेश्वरला १८६० मध्ये जन्मलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी वकिली सोडून देशभर हिंडून रागांचा पसारा दहा थाटांत लावला, आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार भाग गुरुशिष्यांच्या गप्पांच्या रूपात मराठीत लिहिले. बिलावल, काफी, भैरवी, कल्याण, खमाज, आसावरी या सहा थाटांना त्या युरोपीय स्वरावलींत बरोबर जोड्या सापडतात. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी यांना सापडत नाहीत. युरोपने आपल्या स्वरावली पुढे बहुतेक मोडीत काढून दोनच ठेवल्या, कारण भटकायला दोनच पुरत होत्या. बाकीच्या खेड्यापाड्यांतल्या गाण्यांत आणि चर्चच्या प्रार्थनांत पडून राहिल्या.

दुसरी अडचण पडद्यांची. सतारीचे पडदे सरकवता येतात. जुने सतारिये थाट बदलला की पडदे हलवीत. गिटारचे पडदे ठोकून बसवलेले, आणि तेही सप्तकाचे बारा समान तुकडे करून. असाच आरोप हार्मोनियमवर होता, आणि त्यापायी १९४० पासून १९७१ पर्यंत ती आकाशवाणीवरून हद्दपार होती. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी आणि क्लेमेंट्स या न्यायाधीशाने बावीस श्रुतींची पेटी बनवण्याचा खटाटोप त्याच्याही आधी केला होता. गिटारला यातून अर्धी सुटका मिळते ती ताराच सैल असल्यामुळे. सैल तार बोटाने आडवी ओढली तर स्वर चढतो, आणि थोडी मींड निघते. थोडीच.

पुरी मींड निघाली ती हवाईच्या लोखंडी तुकड्याने, आणि तीही आपल्याच देशात. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर हवाई संगीताची लाट जगभर पसरली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ताउ मो हा हवाईयन वादक सहकुटुंब कलकत्त्यात राहिला आणि तिथे त्याने अनेकांना शिकवले. मुंबईच्या सिनेमात व्हॅन शिप्ली आणि हजारासिंग यांनी त्या गिटारवर गाण्याच्या चाली घरोघर पोहोचवल्या. त्यामुळे जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरांनी त्याच वाद्यावर राग वाजवायचे ठरवले, तेव्हा सिनेमातले बाजे म्हणून नाक मुरडणारे कमी नव्हते. काबरा अली अकबर खाँसाहेबांकडे शिकले. १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी निघाली, आणि संतूर, बासरी, गिटार या तिघांचेही नशीब एकदमच उघडले. १९९३ मध्ये विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांची जुगलबंदी आली. एकाची वाट जयपूरहून, दुसऱ्याची व्हेस्टापोलच्या ओट्यावरून.

ग्रॅहमची किल्ली दरम्यान हातोहात फिरली. आयर्लंडात मीहॉल ओ डोनलने ती तिथल्या नाचाच्या चालींना लावली, आणि आज आयरिश गिटार म्हटले की हीच जुळवणी अनेकांच्या डोळ्यांपुढे येते. अल्जीरियात ओरान शहरी १९५७ मध्ये जन्मलेला पिएर बेन्सुसान पुढे दुसऱ्या कोणत्याच जुळवणीत वाजवीनासा झाला. लेड झेपेलिनच्या जिमी पेजने हिच्यावर १९७५ मध्ये 'काश्मीर' हे अतिशय गाजलेले गाणे बांधले. गंमत म्हणजे ते सुचले मोरोक्कोच्या वाळवंटात मोटार हाकताना, आणि काश्मीर त्यांच्यापैकी कोणीच पाहिलेले नव्हते. मुंबई मात्र पाहिली होती. १९७२ मध्ये पेज आणि त्याचा गायक प्लँट इथे येऊन इथल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण करून गेले. ते तब्बल ४३ वर्षे पेटीत राहिले आणि २०१५ मध्ये बाहेर आले.

या सगळ्यांत पैसा आणि कीर्ती ज्याच्या वाट्याला सर्वांत कमी आली तो ग्रॅहम. व्यसनाने त्याची ऐन उमेदीची वर्षे खाल्ली. मधली कित्येक वर्षे तो शिकवण्या करीत, परक्या भाषा आणि परकी वाद्ये शिकत काढीत राहिला. शेवटी पुन्हा मंचावर आला, आणि डिसेंबर २००८ मध्ये लंडनात वारला. त्याच्या मृत्यूनंतर ज्या आठवणी निघाल्या त्यांत एक आपल्या गावची आहे. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याला ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्याचे बोलावणे होते. तिकीट काढलेले, कार्यक्रम ठरलेले. विमान तासाभरासाठी मुंबईला उतरले. हा उतरला, आणि पुढचे सहा महिने हिंदुस्थानात हिंडत राहिला. विमान ऑस्ट्रेलियाला त्याच्यावाचूनच गेले.